भाव शेवटी विचारायचा

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढले आहेत):

पत्र लिहिणारे 36 वर्षांचे आहेत. इंदूरला राजेंद्र नगरात आई-वडील, बायको आणि सात वर्षांची मुलगी यांच्यासोबत राहतात. पीथमपूरच्या एका कारखान्यात अकाउंट्स विभागात बारा वर्षं नोकरी. जून 2020 च्या अखेरीस त्यांनी साठवलेले 4 लाख रुपये शेअरमध्ये घातले. सप्टेंबर 2024 मध्ये त्यांचे 10 लाख 40 हजार झाले होते, आज साडेसात लाख आहेत. निम्मी रक्कम एकाच छोट्या कंपनीत होती आणि तिचा भाव 60 टक्के पडला. एका नामांकित गुंतवणूकदारानं हा शेअर घेतल्याचं कळलं म्हणून यांनीही घेतला होता. ऑफिसातल्या सगळ्यांनी विकला, यांनी धरून ठेवला आहे, "कारण गर्दीच्या उलट जातो तोच शेवटी जिंकतो." आता नोकरी सोडायची, हे साडेसात लाख आणि वडिलांचे साडेचार लाख एकत्र करून ऑप्शनचे (म्हणजे शेअरचा भाव पुढे कुठे जाईल यावर पैसे लावायचे) व्यवहार करायचे आणि महिन्याला 40 हजार काढायचे, असा त्यांचा बेत आहे. वडील मिलमध्ये होते. मिल बंद पडली आणि त्यांचे हक्काचे पैसे तीस वर्षांनी हातात आले. ते त्यांनी एफडीत ठेवले आहेत आणि द्यायला तयार नाहीत. बायको काही बोलत नाही. गेल्या वर्षी ऑफिसात यांच्यापेक्षा कनिष्ठ माणसाला मॅनेजर केलं. शेवटी ते विचारतात: "घरात सगळे भित्रे आहेत. ताई, मी स्वतंत्र विचार करतो, ही माझी चूक आहे का?"

नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. स्वतंत्र विचार करणं ही चूक नाही. आपल्या घरांमध्ये पैशांबद्दल असा विचार फार कमी होतो, तो तुम्हाला करावासा वाटतो याचं मला मनापासून कौतुक आहे. पण तुमच्या पत्रात मी तो विचारच शोधत राहिले. चार पानांत त्या कंपनीचं नाव सहा वेळा आलं आहे. तिचा भाव कधी किती होता, कोणत्या मोठ्या माणसानं तो घेतला, तुमच्या शेजारच्या टेबलावरच्यानं कधी विकला, सगळं तारीखवार आहे. ती कंपनी बनवते काय, तिचं गिऱ्हाईक कोण आणि ते पैसे वेळेवर देतं का, याबद्दल मात्र एक ओळही नाही.

माझे मामा एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये एका पेढीवर खरेदी बघायचे. शाळेला सुट्टी लागली की त्यांचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे असायचं आणि डबा संपेपर्यंत मी गादीच्या कडेला बसून राहायची. दलाल यायचा, पांढऱ्या चादरीवर तागा फेकायचा आणि तागा उलगडायच्या आधीच भाव सांगायला लागायचा. मामा हात वर करून म्हणायचे, "भाव बाद में, भिया." मग तो तागा घेऊन दारापाशी उजेडात जायचे. वीण बघायचे, पन्हा मोजायचे आणि शेवटी एक कोपरा मुठीत घट्ट चुरगाळून सोडायचे. खळ जास्त भरलेली असली की त्यांच्या बोटांवर पांढरी पूड उतरायची. खळीनं विरळ कापडही जाड लागतं, एक धुणं झालं की त्याची खरी जात कळते. सगळं बघून झालं की मामा एका चिठ्ठीवर स्वतःच्या मनातला भाव लिहायचे, ती घडी करून वजनाखाली ठेवायचे आणि मगच दलालाला म्हणायचे, "अब बोलो." मी एकदा विचारलं, आधी का नाही विचारत? ते म्हणाले, "भाव ऐकला की डोळा आपला राहत नाही."

शेअर बाजाराबद्दल मी नंतर बरंच वाचलं, पण या वाक्याच्या पुढचं फारसं काही सापडलं नाही. गुंतवणुकीतले गुरू मानले जाणारे बेंजामिन ग्रॅहॅम 1928 पासून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हाच विषय शिकवायला लागले. पुढच्याच वर्षी बाजार कोसळला आणि त्यात त्यांचेही हात चांगलेच पोळले. त्यांनी आयुष्यभर सांगितलं ते साधारण मामांच्या चिठ्ठीसारखंच आहे: धंद्याची किंमत आधी आपण काढायची, बाजारातला भाव नंतर बघायचा, आणि दोन्हींत चांगलं अंतर असेल तरच घ्यायचं, म्हणजे आपला हिशेब थोडा चुकला तरी निभावतं. चारचौघं आपल्याशी सहमत आहेत की नाहीत यावरून आपण बरोबर किंवा चूक ठरत नाही, आपले आकडे आणि त्यामागचा तर्क यांवरून ठरतो, असंही ते सांगत. "गर्दीच्या उलट जातो तोच जिंकतो" असं यात कुठेही नाही. सगळे विकत आहेत, यावरून ती कंपनी चांगली की वाईट हे कळत नाही. सगळे विकत आहेत एवढंच कळतं.

हे मी अधिकारानं सांगते, कारण हीच चूक मी केली आहे, तीही दोन्ही बाजूंनी. मी बँकेत होते. 2007 च्या दिवाळीनंतर आमच्या शाखेत जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नसायचा. एका बांधकाम कंपनीचा शेअर सगळ्यांनी घेतला, मीही दोन लाखांचे घेतले. जानेवारी 2008 मध्ये 21 हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात 8 हजारांच्या खाली उतरला. शाखेतले एकेक जण विकून मोकळे झाले. मी विकला नाही. मला वाटत होतं, हे घाबरट आहेत, मी खंबीर आहे. आणखी दोन वर्षं मी तो शेअर धरून बसले आणि शेवटी 26 हजार रुपये हातात आले. पुढे कधीतरी शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं की घेताना मी सहकाऱ्यांच्या तोंडाकडे बघून घेतला आणि धरून ठेवला तोही त्यांच्याच तोंडाकडे बघून. त्या कंपनीवर कर्ज किती आहे, हे मी तीन वर्षांत एकदाही उघडून पाहिलं नव्हतं. आणि मी कर्जखात्यातच काम करत होते.

तुमच्या शेअरचं तसंच तर झालं नाही ना, हे तपासायला हवं. एका मोठ्या गुंतवणूकदारानं घेतला म्हणून तुम्ही घेतलात. ठीक आहे, सुरुवात अशीही होते. पण त्यांची खात्री तुम्ही उसनी आणली आणि उसन्या खात्रीची अडचण ही की मूळ मालक ती कधी काढून घेतो ते आपल्याला कळत नाही. कंपनीच्या भागधारकांची यादी तीन महिन्यांतून एकदा येते, तीही तिमाही संपल्यावर 21 दिवसांपर्यंत. त्यात प्रवर्तकांखेरीज (म्हणजे कंपनी उभी करणाऱ्या मूळ मालकांखेरीज) नावं दिसतात ती एक टक्का किंवा त्याहून जास्त शेअर असणाऱ्यांची. म्हणजे त्या गृहस्थांनी आपला हिस्सा एक टक्क्याच्या खाली आणला तर नाव यादीतून गायब होईल आणि ते उरलेत की गेलेत हे तुम्हाला समजणार नाही. शिवाय त्यांच्या एकूण पैशांत हा शेअर अर्धा टक्का असू शकतो. तुमच्या पैशांत तो निम्मा होता. निर्णय एकच, पण त्यांना फार तर चिमटा बसेल, तुमच्या मुलीच्या शिक्षणाचे पैसे जातील.

वॉरन बफे हे ग्रॅहॅम यांचे विद्यार्थी. त्यांची 1999 सालची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, पण थोडी वेगळी बघा. त्या वर्षी अमेरिकेत इंटरनेट कंपन्यांचे भाव आभाळाला भिडले होते. तिथला एस अँड पी 500 निर्देशांक लाभांशासह 21 टक्के वाढला आणि बफेंच्या बर्कशायर कंपनीचा शेअर जवळजवळ 20 टक्के पडला. म्हाताऱ्याचं आता डोकं चालत नाही, असं लोक उघड बोलत होते. ते बाजूला राहिले ते गर्दीला विरोध म्हणून राहिले नव्हते. या कंपन्या दहा वर्षांनी कुठे असतील हे मला कळत नाही, म्हणून घेत नाही, इतकं साधं कारण होतं. पुढे 2016 मध्ये त्याच बर्कशायरनं ॲपलचे शेअर घ्यायला सुरुवात केली. 2020 मध्ये कोरोना आला तेव्हा विमान कंपन्यांचे सगळे शेअर तोट्यात विकून टाकले आणि त्या धंद्याबद्दल माझा अंदाज चुकला, असं बफेंनी मे महिन्यात भागधारकांच्या सभेत सांगितलं. मला या तिन्ही गोष्टी एकाच स्वभावाच्या वाटतात. न घेणं, मत बदलून घेणं, चूक कबूल करून विकणं. तुम्ही मात्र यातली फक्त पहिली उचलली आणि तिचा अर्थ "धरून ठेवणं" असा लावला.

आता यशाबद्दल. चार लाखांचे 10 लाख 40 हजार झाले, याचा तुम्हाला अभिमान आहे आणि त्या अनुभवावर तुम्ही नोकरी सोडायला निघाला आहात. म्हणून हा हिशेब आपण जरा नीट मांडू, तुम्ही अकाउंट्सचे आहात. जून 2020 अखेरीस निफ्टी, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, 10,300 च्या आसपास होता. 27 सप्टेंबर 2024 ला त्यानं 26,277 चा उच्चांक गाठला. म्हणजे अडीच पटींहून थोडं जास्त. तुम्ही चार लाख निफ्टीच्या एखाद्या इंडेक्स फंडात (जो निर्देशांकातलेच शेअर घेतो) टाकून डीमॅट खातं उघडूनही पाहिलं नसतं, तरी लाभांश धरून तुमच्याइतकेच किंवा थोडे जास्तच झाले असते. मी तुमचा आनंद हिरावून घेत नाही. पैसे न उधळता बाजारात टिकून राहिलात, हे तुमचंच कर्तृत्व. पण जे पाणी चढत होतं त्यात सगळ्याच होड्या वर आल्या, आपण वल्ही किती मारली ते त्यावरून कळत नाही. त्यानंतरचा काळ जास्त बोलका आहे. मार्च 2025 मध्ये निफ्टी 22,000 च्या जवळ उतरला आणि पुढे सावरला. तुमचे पैसे सावरले नाहीत. हा फरक तुमच्या निवडीमुळे पडला आहे, तेजीतल्या वाढीत मात्र तुमच्या निवडीचा वाटा फारसा दिसत नाही. कडू आहे, पण खरं आहे.

आणि आता चाळीस हजारांबद्दल. महिन्याला 40 हजार म्हणजे वर्षाला 4 लाख 80 हजार. साडेसात लाखांवर हे 64 टक्के झाले. वडिलांचे पैसे मिळवून बारा लाख धरले तरी 40 टक्के. बर्कशायरच्या शेअरनं 1965 ते 2024 या साठ वर्षांत वर्षाला सरासरी 19.9 टक्के दिले आणि त्यासाठी जग त्या माणसाला सर्वांत मोठा गुंतवणूकदार म्हणतं. तुम्हाला त्याच्या दुप्पट हवेत, दरवर्षी हवेत, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला हवेत. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सप्टेंबर 2024 मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या सामान्य व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात होत्या. सगळ्यांचा मिळून तोटा 1 लाख 80 हजार कोटींच्या वर. खर्च वजा जाता एक लाखापेक्षा जास्त नफा हाती लागला तो फक्त 1 टक्का लोकांच्या. तोट्यात गेलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांनी तरीही व्यवहार चालू ठेवले. 2024-25 मध्येही 91 टक्के तोट्यातच. समोरच्या बाजूला नफा खात होत्या त्या प्रामुख्यानं संगणकाच्या अल्गोरिदमवर व्यवहार करणाऱ्या मोठ्या संस्था. तुम्ही त्या एक टक्क्यात नसालच असं मी म्हणत नाही. पण तुम्ही आजवर एकही ऑप्शन घेतलेला नाही, असं तुमच्याच पत्रात आहे.

माझा खरा आक्षेप मात्र या आकड्यांच्याही आधीचा आहे. तुम्ही लिहिता, "नोकरी सोडली की मी स्वतंत्र होईन, डोकं मोकळं राहील." मला हे अगदी उलटं दिसतं. ज्याला पाच तारखेला शाळेची फी आणि दहा तारखेला घराचा हप्ता बाजारातूनच काढायचा आहे, त्याला बाजाराकडे शांतपणे बघता येत नाही. चांगला शेअर पडला की तो घाबरून विकतो, कारण किराणा भरायचा असतो. वाईट शेअर वाढला की त्याच्या मागे धावतो, कारण या महिन्याचे 40 हजार अजून पुरे झालेले नसतात. "आज काही करायचं नाही" हा बाजारातला सर्वांत उपयोगी निर्णय त्याला परवडतच नाही. तुमच्या पगारानं तुम्हाला ही मुभा दिली आहे. मार्च 2020 मध्ये सगळे घाबरले होते आणि जूनमध्ये तुम्ही पैसे घालू शकलात ते घरखर्चाची सोय दुसरीकडून होती म्हणूनच. सकाळच्या ज्या कंपनीच्या बसचा तुम्हाला इतका उबग आलाय, तुमचं वेगळं मत तुम्हाला परवडत होतं ते तिच्याच जोरावर.

एक गोष्ट पत्रात एका ओळीत येऊन गेली आहे, पण मला वाटतं पत्र तिथूनच सुरू झालं असावं. कनिष्ठ माणसाला मॅनेजर केलं. बारा वर्षं इमानेइतबारे काम करून असं झालं तर कुणालाही लागेल, आणि ते बोलून दाखवण्यात काही कमीपणा नाही. फक्त त्या दुखण्यावर औषध म्हणून ऑप्शनचे व्यवहार नकोत. मनात कुठेतरी "यांना दाखवून देतो" असेल, तर पुन्हा नजर दुसऱ्याच्याच तोंडाकडे गेली. बारा वर्षांच्या अनुभवाचा अकाउंट्सचा माणूस पीथमपूर-देवासच्या पट्ट्यात दुसरी नोकरी शोधू शकतो. साहेबांशी समोरासमोर बोलता येतं, आपल्याला का डावललं ते विचारता येतं. बाजाराचा अभ्यासच खरोखर आवडत असेल तर सेबीच्या एनआयएसएम या प्रशिक्षण संस्थेची रिसर्च ॲनालिस्टची (शेअरचा अभ्यास करून मत देणाऱ्याची) परीक्षा नोकरी सांभाळून देता येते. अभ्यास करताना कंटाळा आला, तर आपल्याला अभ्यास हवा होता की सुटका, हे थोड्या फीमध्ये कळेल.

वडिलांबद्दल बोलायला हवं. तुम्ही त्यांना भित्रे म्हणालात, ते मला लागलं. मिल बंद पडणं म्हणजे काय ते इंदूरकराला समजावून सांगायला नको. भोंगा बंद झाला आणि मागोमाग कितीतरी घरांतली दिवाळी बंद झाली. आपल्या घामाचे पैसे कागदावर आहेत, हातात नाहीत, अशी तीस वर्षं ज्यानं काढली, त्याला "कागदावर वाढलेली रक्कम" या शब्दांचा अर्थ तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतो. बँकेतल्या ठेवीला व्याजासह 5 लाखांपर्यंत विमा असतो, फेब्रुवारी 2020 पासून ती मर्यादा आहे. त्यांची रक्कम साडेचार लाख. हा योगायोग आहे की त्यांनी विचारपूर्वक तसं केलं, हे एकदा त्यांना विचारा. पैसे आल्यावर मुलगा सांगतोय, शेजारी सांगतायत, फोनवर जाहिराती सांगतायत की एफडीत काय ठेवता, आणि तरी ते स्वतःच्या अनुभवावर ठाम राहिले. तुम्ही ज्याला स्वतंत्र विचार म्हणता, तो तुमच्या घरात मला सर्वांत स्पष्ट त्यांच्याकडेच दिसला. त्या पैशांना हात लावू नका. मागूही नका.

बायको गप्प आहे, असं एका शब्दात लिहिलंत. दहा लाख चाळीसचे साडेसात झाले, हा आकडा तिला ठाऊक आहे का? पत्रावरून मला वाटतं, नाही. आधी तो सांगा. रागावेल, रडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. पण आपल्या मताला घरात एक तरी माणूस "का?" विचारणारं हवं.

आता करायचं काय. तुमच्यासारखी पत्रं मला दर महिन्याला येतात, त्यामुळे हे त्या सगळ्यांसाठीही आहे. एक दोनशे पानी वही घ्या. त्या छोट्या कंपनीला पहिलं पान द्या आणि शेअरचा भाव न बघता लिहा: ती काय विकते, कोणाला विकते, कर्ज किती, प्रवर्तकांनी स्वतःचे शेअर गहाण टाकलेत का, आणि नफा झाला असं म्हणतात तेवढी रोकड आली का. हे शेवटचं तुमच्या हातचं काम आहे. ऑफिसात तुम्ही रोज येण्यांची यादी बघता, कोणाचे पैसे 90 दिवसांच्या वर थकले ते तोंडपाठ सांगता. तीच नजर या कंपनीच्या ताळेबंदावर फिरवा. गेल्या तीन वर्षांत विक्री किती वाढली आणि येणी किती वाढली? विक्रीपेक्षा येणी भराभर वाढत असतील, नफा दिसतोय पण रोख प्रवाहाच्या पत्रकात धंद्यातून पैसा येताना दिसत नाही, तर कोपरा चुरगाळून पाहिला आणि बोटांना पूड लागली, असं समजा. बाजारात लाखो लोक शेअर घेतात, त्यांतल्या फार थोड्यांना ही पानं वाचता येतात. तुम्हाला येतात. इतरांपेक्षा वेगळं काही तुमच्याकडे असेल, तर ते हेच आहे आणि ते तुम्ही अजून वापरलेलं नाही.

पान लिहून झालं की खाली एक प्रश्न लिहा: हा शेअर आज माझ्याकडे नसता, तर आजच्या भावाला मी किती घेतले असते? उत्तर "एकही नाही" असेल तर विका. घेतलेला भाव विसरा, तो फक्त तुम्हाला आठवतो, कंपनीला नाही. उत्तर "थोडे घेतले असते" असेल तर तेवढेच ठेवा. आणि काहीही ठरलं तरी पुढे एका कंपनीत आपल्या शेअरमधल्या पैशांच्या दहा टक्क्यांहून जास्त नको. माझ्यासारख्या अर्धवट जाणकारांसाठी मी तर पाचच म्हणते.

उरलेल्या पैशांतून आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा. मोठा भाग साध्या इंडेक्स फंडात, महिन्याच्या महिन्याला. स्वतःच्या निवडीसाठी वेगळी छोटी पिशवी ठेवा, साठ-सत्तर हजारांची, आणि तिच्यात जे घ्याल त्याचं पान घेण्याआधी लिहिलेलं असू दे: का घेतो, आणि काय झालं तर माझं चुकलं असं मी मानेन. दुसरा भाग बहुतेक जण लिहीत नाहीत, म्हणून पुढे कितीही काही घडलं तरी त्यांचं कधी चुकतच नाही. दोन वर्षांनी ती पिशवी आणि इंडेक्स फंड शेजारी शेजारी ठेवून बघा. नोकरीचा विचार तेव्हा करू. दोन वर्षं फार वाटतात, हे मला माहीत आहे. पण तुम्ही 36 चे आहात.

एक सावधगिरी, कारण आपण इंदूरमध्ये राहतो. इथून फोन करून टिप देणाऱ्या, नोंदणी नसलेल्या सल्लागार कंपन्यांचं पेव फुटलं होतं आणि सेबीनं त्यांतल्या बऱ्याच जणांवर बंदी घातली. तोट्यात असलेला माणूस त्यांना हवाच असतो, "तुमचा तोटा भरून काढून देतो" या एका वाक्यावर तो पैसे देतो. असा फोन आला तर सेबीच्या संकेतस्थळावर त्यांचा नोंदणी क्रमांक तपासा. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक आयएनए या अक्षरांनी सुरू होतो, रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएच या अक्षरांनी. आणि ठरावीक परताव्याची हमी कुणी देत असेल तर क्रमांकही तपासू नका, फोन ठेवून द्या. फसवणूक झालीच असेल तर सेबीकडे आणि सायबर पोलिसांत तक्रार करा, लाजेनं गप्प बसू नका.

येत्या रविवारी सकाळी पोहे झाले की त्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा. तो कंपनीच्या आणि शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. येण्यांचं पान काढा आणि वडिलांना शेजारी बसवा. त्यांना ताळेबंद येत नसेल, पण ज्या धंद्याला गिऱ्हाइकाकडून पैसे वेळेवर मिळत नाहीत तो आतून कसा पोखरत जातो, हे त्यांनी मिलच्या आत उभं राहून पाहिलं आहे. ते काय विचारतात ते वहीत त्याच पानावर, त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. आणि जमलं तर त्या पानाचा फोटो मला पाठवा, भावाची ओळ झाकून.